शिट्टीमागचा माणूस : आल्फ्रेड ब्यूखी

घाट चढणाऱ्या भरल्या ट्रकची शिट्टी आपण सगळ्यांनीच ऐकलेली आहे. ड्रायव्हरने पाय दाबला की इंजिनाच्या घरघरीवर एक बारीक सूर चढत जातो, गिअर बदलताना खाली येतो, पुन्हा चढतो. हा टर्बोचार्जरचा आवाज. रोज तीच गाडी चालवणाऱ्याला हा सूर अगदी पाठ असतो.

मग एखाद्या दिवशी तो बदलतो. शिट्टीची किंकाळी होते, नाहीतर मधेच फडफड ऐकू येते. गाडी ओढत नाही, मागे काळा धूर. गॅरेजमध्ये निकाल तयारच असतो : टर्बो गेला! नवा टर्बो बसतो, मालकाचे हजारो रुपये जातात आणि थोड्याच दिवसांत तोच आवाज परत सुरू. आता मिस्त्री म्हणतो टर्बो डुप्लिकेट निघाला, मालक म्हणतो मिस्त्री डुप्लिकेट निघाला!

खरं तर बऱ्याच वेळा दोघंही निर्दोष असतात. दोष असतो तो टर्बोकडे एकटा, सुटा पार्ट म्हणून बघण्याच्या सवयीत. आणि मंडळी, गंमत म्हणजे हीच सवय मोडायला खुद्द टर्बोच्या जनकालाही वीस वर्षं लागली होती. आपल्या आयसी इंजिनच्या पुस्तकात त्याचं नाव फार तर एका ओळीत येतं. वायवाला कोणी विचारत नाही म्हणून आपणही ते वाचत नाही. त्या माणसाची ही गोष्ट.

जन्मच कारखान्याच्या गावात

आल्फ्रेड ब्यूखी याचा जन्म ११ जुलै १८७९ रोजी स्वित्झर्लंडमधल्या विंटरथूर गावी झाला. स्वित्झर्लंड म्हटलं की आपल्याला बर्फ, चॉकलेट आणि हिंदी सिनेमातली गाणी आठवतात. पण विंटरथूर हे त्यातलं गाव नव्हे. ते यंत्रांचं गाव. वाफेची इंजिनं बनवणारी सुल्झर ही जगप्रसिद्ध कंपनी तिथली, आगगाडीची इंजिनं बनवणारा स्विस लोकोमोटिव्ह कारखानाही तिथलाच. आल्फ्रेडचे वडील सुल्झरमध्येच वरच्या हुद्द्यावर होते. थोडक्यात, पोराच्या कानावर लहानपणापासून भोंगे आणि हातोडेच पडले असणार.

एक योगायोग सांगायलाच हवा. ज्या १८७९ साली आल्फ्रेड जन्मला, त्याच साली रुडॉल्फ डिझेल नावाचा एक विद्यार्थी विंटरथूरला सुल्झरच्या वर्कशॉपमध्ये काम शिकत होता. टायफॉइडमुळे त्याची शेवटची परीक्षा हुकली होती आणि पुढच्या परीक्षेपर्यंतचा वेळ तो तिथे सत्कारणी लावत होता. (केटी लागलेल्या मित्रांनी नोंद घ्यावी!) पुढे याच डिझेलच्या इंजिनाला नवा श्वास देण्याचं काम त्या गावात नुकत्याच जन्मलेल्या बाळाकडून व्हायचं होतं.

ब्यूखीने झुरिचच्या प्रसिद्ध पॉलिटेक्निकमध्ये, म्हणजे आजच्या ईटीएचमध्ये, मेकॅनिकलला प्रवेश घेतला आणि १९०३ मध्ये तो इंजिनिअर झाला. त्यानंतर काही काळ त्याने बेल्जियम आणि इंग्लंडमध्ये नोकरी केली. डिझेल इंजिन तेव्हा अगदी नवं होतं. डिझेलच्या १८९७ च्या इंजिनाने इंधनातल्या ऊर्जेपैकी सुमारे २६ टक्के ऊर्जा कामाला लावून दाखवली होती आणि तेवढ्यावर सगळं जग थक्क झालं होतं. वाफेच्या इंजिनापेक्षा हे कितीतरी जास्त होतं.

ब्यूखीची नजर मात्र उरलेल्या भागावर गेली. इंधनातली बरीच उष्णता कूलिंगच्या पाण्यात जाते, बरीच धुराबरोबर सायलेन्सरमधून बाहेर पडते. पाण्यातली उष्णता तशी कोमट, तिच्याकडून काम करून घेणं कठीण. पण धूर? तो तर तापलेला, दाबाखालचा वायू. तो नुसता हवेत सोडून द्यायचा?

२६ व्या वर्षीचं पेटंट

नोव्हेंबर १९०५ मध्ये ब्यूखीने जर्मनीत पेटंटसाठी अर्ज केला. वय वर्षं २६. कल्पना अशी : इंजिनाच्या धुरावर एक टर्बाइन फिरवायचं, आणि इंजिनात जाणारी हवा आधी कॉम्प्रेसरने दाबून घ्यायची. हवा दाबली की तेवढ्याच सिलिंडरमध्ये जास्त हवा मावते. जास्त हवा म्हणजे जास्त डिझेल नीट जळणार, म्हणजे तेवढ्याच इंजिनातून जास्त ताकद. आणि कॉम्प्रेसर फिरवायला लागणारी ताकद फुकटच्या धुरातून!

कल्पना कागदावर बिनतोड होती. त्या पेटंटमध्ये कॉम्प्रेसर, पिस्टनचं इंजिन आणि टर्बाइन असे तीन भाग एकापुढे एक मांडलेले आहेत. आधी हवा दाबायची, मग जाळायची, मग उरलेला दाब टर्बाइनला द्यायचा. तीन डब्यांची आगगाडीच जणू. एका डब्यातून बाहेर पडलं की दुसऱ्यात शिरायचं. यात गोम कुठे होती, ती कळायला त्याला अनेक वर्षं लागली.

वीस वर्षांची परीक्षा

१९०९ च्या सुमारास ब्यूखी आपल्या गावी परतला आणि सुल्झरमध्ये डिझेल इंजिनाच्या संशोधनाचं काम पाहू लागला. १९११ पासून प्रयोग सुरू झाले. १९१५ मध्ये टर्बो लावलेलं इंजिन उभं राहिलं, पण हवेचा दाबच टिकेना. त्या काळचे कॉम्प्रेसर आणि टर्बाइन इतके कमी कार्यक्षम होते की धुरातून मिळवलेलं बरंचसं वाटेतच सांडायचं. शिवाय तापलेल्या वायूत टिकणारे चांगले धातूही नव्हते.

तिकडे पहिलं महायुद्ध पेटलं होतं. उंचावर हवा विरळ होते आणि विमानाचं इंजिन मान टाकतं, हे सगळ्यांना दिसत होतं. फ्रान्समध्ये ओग्युस्त रातो याने विमानाच्या इंजिनाला टर्बो लावला. अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या सॅनफोर्ड मॉस याने १९१८ मध्ये लिबर्टी नावाचं विमानाचं इंजिन कोलोरॅडोतल्या पाइक्स पीक या १४,००० फुटांवरच्या डोंगरमाथ्यावर नेऊन टर्बोची करामत दाखवली. मूळ कल्पनेचा मालक मात्र विंटरथूरमध्ये दाब का टिकत नाही हेच शोधत बसलेला. ज्याचं पेटंट पहिलं, त्याचं यश शेवटी! कुणीही वैतागून हा नाद सोडला असता.

ब्यूखीने तो सोडला नाही. त्याने प्रश्न नीट उलगडायला घेतला, आणि इथेच त्याचं खरं मोठेपण दिसतं. चांगलं टर्बाइन, चांगला कॉम्प्रेसर हवा होताच. पण त्याच्या लक्षात आलं की खरी भानगड या दोघांच्या आणि इंजिनाच्या मधल्या पाइपांत, आणि व्हॉल्व्ह कधी उघडतात नि कधी मिटतात यात आहे.

इंजिनाचा धूर नळाच्या धारेसारखा सलग येत नाही. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडला की दाबाचा एक जोरदार झटका बाहेर पडतो, मग दाब उतरतो, मग पुढच्या सिलिंडरचा झटका. सगळ्या सिलिंडरचे पाइप एकाच जाड पाइपात सोडले तर दोन घोटाळे होतात. एक म्हणजे झटक्याचा जोर त्या मोठ्या पोकळीत विरून जातो. दुसरा घोटाळा जास्त वाईट. एका सिलिंडरचा झटका शेजाऱ्याच्या उघड्या व्हॉल्व्हवर जाऊन आदळतो आणि शेजाऱ्याचा जळका वायू बाहेर पडायच्या ऐवजी आतच अडकतो. हॉस्टेलमध्ये सगळ्या मजल्यांचं सांडपाणी एकाच पाइपात सोडलं की तळमजल्याच्या बाथरूममध्ये काय होतं, ते आठवा!

ब्यूखीने उपाय काढला तो असा. पाइप अरुंद ठेवायचे, म्हणजे झटक्याचा जोर थेट टर्बाइनवर पोचेल. आणि सिलिंडरचे गट पाडायचे, असे की एका गटात दोन झटके एकमेकांच्या अंगावर येणार नाहीत. झटका होऊन गेल्यावर त्या पाइपातला दाब उतरतो, नेमक्या त्या क्षणी इनलेट आणि एक्झॉस्ट दोन्ही व्हॉल्व्ह थोडा वेळ एकत्र उघडे ठेवायचे. मग टर्बोने दाबलेली ताजी हवा आत घुसून उरलासुरला धूर झाडून काढते आणि जाता जाता पिस्टन, व्हॉल्व्ह थंडही करते.

आता तीन सुटे डबे राहिले नव्हते. इंजिन, पाइप, व्हॉल्व्ह आणि टर्बो मिळून एकच यंत्र झालं होतं. १९२५ मध्ये या पद्धतीचं पेटंट त्याच्या नावावर झालं. पहिल्या पेटंटनंतर तब्बल वीस वर्षांनी!

समुद्रावर आणि मग रस्त्यावर

यश आलं ते आधी समुद्रावर. प्रॉयसेन आणि हान्सेश्टाट डान्झिग या दोन जर्मन प्रवासी जहाजांच्या दहा सिलिंडरच्या एम.ए.एन. डिझेल इंजिनांना टर्बो बसवले गेले. १७५० अश्वशक्तीची इंजिनं २५०० वर गेली, म्हणजे ४० टक्क्यांहून जास्त वाढ. इंजिनाचा आकार तेवढाच! १९२६ मध्ये ब्यूखी सिंडिकेट स्थापन झालं. टर्बो बनवायचे बाडेनच्या ब्राउन बोव्हेरी कंपनीने, प्रयोगाला इंजिनं द्यायची विंटरथूरच्या स्विस लोकोमोटिव्ह कारखान्याने, आणि आखणी व गिऱ्हाइकं सांभाळायची ब्यूखीने. कॉम्प्रेसरवाला, इंजिनवाला आणि दोघांना जोडणारा माणूस. त्याच्या शोधाचं सारच या करारात उतरलं होतं म्हणा ना.

जहाजावर जागा भरपूर, वेग ठरलेला. ट्रकचं तसं नाही. इंजिन लहान, लोड सारखा बदलणारा, त्यामुळे टर्बो लहान आणि भलताच वेगवान लागतो. १९३८ मध्ये स्वित्झर्लंडच्याच सॉरर कंपनीने टर्बो लावलेलं ट्रकचं इंजिन तयार केलं. १९५४ मध्ये स्वीडनच्या व्होल्वोने आपल्या ट्रकच्या डिझेल इंजिनाला टर्बो बसवून १५० अश्वशक्तीचे १८५ करून दाखवले. आपल्याकडे १९६० च्या दशकात आलेल्या डब्ल्यूडीएम-२ या रेल्वे इंजिनाची २६०० अश्वशक्तीही टर्बोचीच करणी. आमच्या आधीच्या पिढ्यांनी याच इंजिनाच्या मागे बसून घाट पाहिले.

ब्यूखीच्या नजरेने आवाज ऐकताना

आता परत त्या बिघडलेल्या शिट्टीकडे येऊ. ब्यूखीचा धडा ट्रकपाशी उभं राहून वापरायचा तर कसा?

सहा सिलिंडरच्या ट्रक इंजिनाचा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड एकदा वर्कशॉपमध्ये नीट बघा. पुष्कळ इंजिनांत १-२-३ चा धूर एका वाटेने आणि ४-५-६ चा दुसऱ्या वाटेने टर्बोत जातो, मधे भिंत असते. फायरिंग ऑर्डर १-५-३-६-२-४. म्हणजे झटके आळीपाळीने, एकदा या गटाचा, एकदा त्या गटाचा. एका गटात दोन झटक्यांमध्ये २४० अंशांचं अंतर. हे सगळं ब्यूखीचंच देणं. म्हणून एक नोझल नीट फवारत नसेल तर सहा झटक्यांतला एक कमजोर पडतो आणि टर्बोचा सूर तालात डळमळू शकतो. आवाज टर्बोचा, दुखणं नोझलचं!

मॅनिफोल्डच्या जोडाचं गॅस्केट गेलं असेल तर फट्-फट् असा आवाज येतो, थंड इंजिनावर जास्त. तापल्यावर लोखंड प्रसरण पावून फट बुजते नि आवाज कमी होतो. जोडापाशी काजळीचा फराटा दिसला की समजायचं. इथे धुराचा झटका टर्बाइनवर पोचायच्या आधीच बाहेर सांडतोय.

लोड पडल्यावर फुसकारा किंवा तीक्ष्ण शिट्टी, ओढ कमी आणि काळा धूर : हवेच्या बाजूचा होज पाइप फाटलाय, क्लिप सैल आहे किंवा इंटरकूलरला चीर आहे का बघा. बेताचा दाब देऊन जोडांवर साबणाचं पाणी लावलं की बुडबुडेच चोर दाखवतात. टर्बो बिचारा हवा दाबतोय, ती इंजिनापर्यंत पोचतच नाही.

फडफड किंवा घुबडासारखा घुमणारा आवाज असेल तर कॉम्प्रेसरमधून हवा उलटी फिरत असण्याची शक्यता. एअर फिल्टर चोंदलाय का, आत जाणारा रबरी पाइप लोडवर चपटा होतोय का, हे आधी बघायचं. फिल्टर स्वस्त, टर्बो महाग!

उरला तो खुद्द टर्बोचा आवाज. सायरनसारखी चढती-उतरती किंकाळी म्हणजे बहुधा पात्याला मार बसलाय नि तोल गेलाय. धातू घासल्याचा आवाज म्हणजे पातं घराला लागतंय. इंजिन बंद करून, थंड झाल्यावर हवेचा पाइप काढायचा आणि शाफ्ट बोटांनी हलवून बघायचा. बाजूला किंचित हलला तर घाबरू नये, तेलाच्या थरासाठी बुशमध्ये तेवढी जागा मुद्दाम ठेवलेली असते. नक्की आकडा कंपनीच्या पुस्तकातून घेऊन डायल गेजने बघावा. पण आत-बाहेर हलल्याचं बोटाला चांगलं जाणवलं, किंवा पातं घराला टेकलं, तर मात्र टर्बो खरंच गेला. आणि इंजिन चालू असताना उघड्या टर्बोजवळ हात, चिंधी काहीही नेऊ नये. ट्रकचा टर्बो मिनिटाला लाखभर फेरे घेऊ शकतो, तो बोट आणि चिंधी यात फरक करत नाही.

तरीही प्रश्न उरतोच : गेला तर का गेला? तेल काळं झालं होतं? तेलाचा पाइप चोंदला होता? घाट चढून आल्या आल्या इंजिन बंद करायची ड्रायव्हरला सवय होती, म्हणून बेअरिंगमधलं तेल जळून कोळसा झाला? जुन्या पात्याचे तुकडे पाइपात, इंटरकूलरमध्ये तसेच राहिलेत? हे न बघता नवा टर्बो बसवणं म्हणजे पुढच्या बिलाची तारीख ठरवणं. आणि ज्याची एकच गाडी आहे, तीही हप्त्यावर, त्याच्यासाठी ते दुसरं बिल म्हणजे पोराची फी असू शकते.

एका शर्यतीची गोष्ट

ब्यूखीच्या हयातीतलाच एक किस्सा. १९५२ च्या इंडियानापोलिस ५०० शर्यतीत कमिन्स कंपनीने डिझेलवर चालणारी टर्बोची रेसकार उतरवली. (हीच कमिन्स पुढे १९६२ मध्ये किर्लोस्करांबरोबर पुण्यात आली.) ड्रायव्हर होता फ्रेड अगाबाशियन. पेट्रोलच्या आणि मेथॅनॉलच्या गाड्यांना मागे टाकून या डिझेल गाडीने पात्रता फेरीत पहिलं स्थान पटकावलं. डिझेल म्हणजे ट्रक, ट्रॅक्टर, असं समजणारे बघतच राहिले. पण शर्यतीत ७१ व्या फेरीला गाडी बाद! कारण? पुढच्या गाड्यांच्या टायरचे रबराचे तुकडे टर्बोच्या हवेच्या तोंडात जाऊन बसले होते. इंजिनाचा श्वासच कोंडला. सगळं यंत्र अव्वल, घात झाला हवा आत घ्यायच्या वाटेवर.

शेवट

आल्फ्रेड ब्यूखी २७ ऑक्टोबर १९५९ रोजी आपल्या विंटरथूरमध्येच वारला. वयाची ऐंशी वर्षं पूर्ण झाली होती. टर्बो लावलेली पहिली प्रवासी मोटार अमेरिकेत बाजारात आली ती १९६२ मध्ये, ती त्याला दिसली नाही. १९७३ च्या तेलसंकटानंतर ट्रकमध्ये टर्बोचं जे महत्त्व वाढलं, तेही त्याने पाहिलं नाही. आज नव्या डिझेल ट्रकमध्ये टर्बो नसेल तर नवल वाटतं, पण त्यावर ब्यूखीचं नाव कुठे कोरलेलं नसतं. डिझेलचं नाव पंपावर तरी लिहिलेलं असतं.

त्याला कल्पना सुचली २६ व्या वर्षी. ती हुशारी होती, आणि तेवढी हुशारी आपल्या कॉलेजातही खूप जणांकडे आहे. पुढची वीस वर्षं मात्र त्याने आपल्याच कल्पनेतली चूक शोधण्यात घालवली. दोष टर्बाइनचा म्हणून हात झटकणं सोपं होतं, तो पाइपांपर्यंत आणि व्हॉल्व्हपर्यंत मागे मागे जात राहिला. पुढच्या वर्षी आपल्यातले कित्येक जण कुठल्या तरी शॉप फ्लोअरवर किंवा सर्व्हिस सेंटरमध्ये उभे असतील. समोर ट्रक असेल, आवाज येत असेल, मालकाचा चेहरा उतरलेला असेल आणि कोणीतरी म्हणेल, टर्बो बदलून टाका. तेव्हा पाना उचलण्याआधी फिल्टरपासून सायलेन्सरपर्यंत हवेच्या वाटेने एकदा चालून या.